सून जवळ आहे काय?

सासूबाईंची कानाची मशीन दुरुस्तीला गेली, दुरुस्त होऊन आली, आणि त्या दिवसापासून त्यांना ऐकू येईनासं झालं.

मशीन बिघडलेली नव्हती. दुरुस्त करणाऱ्या माणसानं तिच्यात आधी भरलेलं सगळं पुसून ती कोरी करून पाठवली होती. ही मशीन नुसती कानात घालून भागत नाही. माणसाला कोणते आवाज कमी येतात ते तपासून, त्या मापानं कॉम्प्युटरवरून ती भरावी लागते, चष्म्याच्या नंबरासारखी. परत आलेली मशीन कोणाच्याच नंबराची नव्हती. एप्रिल चालू होता. सासूबाई ती घालायच्या तेव्हा त्यांना कुलर ऐकू यायचा, आणि कुलरखेरीज काहीही ऐकू यायचं नाही.

घरात याची फार अडचण झाली नाही. जेवायला या, गोळी घ्या, दार लावा, हे खुणांनी सांगता येतं. अडचण चार वाजताची होती.

रोज दुपारी चार वाजता अकोल्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे त्या जिला 'बाई' म्हणतात तिचा, फोन येतो. त्या मावशी अंथरुणावर आहेत आणि डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलचा उपयोग नाही. फोन अर्धा तास चालतो, कधी पाऊण. दोघींना एकमेकींकडे जाऊन सहा वर्षं झाली असतील. मी एका पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते आणि साडेतीनला प्रताप नगरला घरी पोचते. त्यामुळे मशीन कोरी होऊन आल्यावर चार वाजता दोघींच्या मध्ये बसायचं काम माझ्याकडे आलं. मावशी जे बोलतील ते मी फोनवर ऐकायचं, सासूबाईंच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायचं, आणि त्यांचं उत्तर मावशींना कळवायचं.

पहिल्या दिवशी मावशींनी विचारलं, "सून भाजीत मीठ टाकून राहिली का नाही आता?"

मी उजव्या कानाशी ओरडले, "मावशी विचारतात, सून भाजीत मीठ टाकते का आता."

"सांग तिले," सासूबाई म्हणाल्या, "नाही टाकत म्हणा. पण डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही टाकत म्हणा, तिची काही चूक नाही."

मी तसं सांगितलं.

"डॉक्टरचं नाव पुढं करते ती," मावशी म्हणाल्या. "लहानपणापासून लोकाईची बाजू घेते."

मी तेही ओरडून सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी संध्याकाळी जिन्यात मला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

तिसऱ्या दिवशी मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिले विचार, सून जवळ आहे काय?"

बोलणारी मीच आहे हे मावशी बोलण्याच्या भरात विसरल्या होत्या. माझं काम निरोप पोचवायचं होतं, म्हणून मी पोचवला. "मावशी विचारतात, सून जवळ आहे काय!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाही म्हण," त्या म्हणाल्या.

मी फोनमध्ये सांगितलं, "नाही. जवळ नाही."

हा आवाज कोणाचा आहे ते पलीकडे आता आठवलं असावं. मग मावशी म्हणाल्या, "बरं. मग राहू दे," आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी चारला पाच मिनिटं कमी असताना सासूबाईंनी मला सांगितलं, "आजपासून फोन नोको उचलू. बाईले कळव, मशीन नीट होईस्तोवर मी बोलत नाही."

मी कळवलं. मावशींना ते पटलं नाही. त्यांनी माझ्या मोबाईलवर फोन लावायला सुरुवात केली, चारच वाजता. पहिल्या दिवशी विचारलं, "तिची तब्येत बरी आहे ना वं?" दुसऱ्या दिवशी, "खरं सांग, दवाखान्यात आहे काय?" पाचव्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "आहे ना ती?"

अंथरुणावर पडून, डोळ्यांनी दिसत नसताना, रोज येणारा आवाज अचानक बंद झाला की माणूस हाच अर्थ काढेल. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि बोला म्हणून खूण केली. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "मी बरी आहे बाई. ठेवते आता." पलीकडून मावशी बोलतच होत्या. मला फोनमधून त्यांचा आवाज बाहेर येताना ऐकू आला. सासूबाईंना आला नाही. त्यांनी लाल बटण दाबलं आणि फोन मला परत दिला.

त्या संध्याकाळी मी सक्करदऱ्याला गेले.

तिथे तलावाच्या अलीकडे एका गाळ्यात कानाच्या मशीन मिळतात. सासूबाईंची मशीन तिथलीच. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात, ते प्रत्येकाला आपण डॉक्टर नाही म्हणून सांगतात, आणि लोक बरं डॉक्टर म्हणतात. आमच्या घरी त्यांना कानवाले काका म्हणतात.

"काका, मशीन भरून द्या," मी म्हटलं.

"नाही होत मॅडम," काका म्हणाले. "हे मॉडेल जुनं आहे. नव्या लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरले ते दिसतच नाही. जुन्या कॉम्प्युटरवर होत होतं, पण तो हळू चालत होता, म्हणून एकाले दाखवला. त्यानं फॉरमॅट मारून दिला. आता एकदम फास्ट चालते."

"सॉफ्टवेअर?"

"ते नाही राहिलं त्याच्यात. बाकी एकदम फास्ट आहे."

नवीन मशीन घ्यावी, हे सुचायला वेळ लागत नाही. जुनी दुरुस्तीला द्यायला आलो तेव्हाच काकांनी एक नवी मशीन सासूबाईंच्या कानात घालून पाहिली होती. ती घालून त्या मावशींशी एकदा बोलल्या, मग काढून टेबलावर ठेवली. "बाई डब्यातून बोलून राहिली असं वाटते," असं त्यांनी सांगितलं. सवय झाल्यावर तसं वाटत नाही, हे काकांनी त्यांना समजावलं, पण तेव्हा मशीन टेबलावर असल्यानं त्यांना ते ऐकू आलं नाही.

"सॉफ्टवेअरची सीडी आहे ना?" मी विचारलं.

काका एकदम ताठ झाले. "सीडी आहे म्हणजे? ओरिजिनल आहे. एकदम सांभाळून ठेवली आहे."

रविवारी दुकान बंद असतं. तरी काकांनी आमच्यासाठी अकरा वाजता उघडायचं कबूल केलं.

जुने कॉम्प्युटर हा माझा रोजचा विषय आहे. आमच्या लॅबमध्ये जुनं काढून टाकत नाहीत, पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात. त्यामुळे इतरांकडे भंगारात गेलेल्या वस्तू माझ्याकडे एका बुटाच्या खोक्यात असतात. ते खोकं, पेचकस आणि सासूबाई असं घेऊन मी रविवारी गेले. सासूबाईंना नेणं भाग होतं, कारण मशीन भरताना कान जागेवर लागतो.

काकांनी त्यांना कुलरसमोर खुर्ची दिली. त्या बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

कॉम्प्युटर खरोखरच फास्ट चालू झाला. त्यात काहीच नव्हतं. पहिली गोष्ट मी तारीख पाहिली. ती वीसेक वर्षांपूर्वीची होती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की कॉम्प्युटर दर वेळी आपल्या जन्माच्या आसपास जाऊन उठतो. लोक याच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. पण सॉफ्टवेअर बसताना तारीख बघतं. आपण तयार व्हायच्या आधीची तारीख दिसली की काही सॉफ्टवेअर बसायलाच नकार देतात, आणि कारण भलतंच सांगतात. मी सेल बदलला आणि तारीख बरोबर केली. कानाची मशीन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याची वायर ज्या नऊ पिनांच्या जागेत बसते ती जागा सेटिंगमध्ये बंद पडली होती, ती चालू केली.

"आता सीडी," मी म्हटलं.

काकांनी हात धुतले. भिंतीतल्या देवाच्या फळीखाली एक खण होता, त्यातून एक रेशमी कापड काढलं, कापडातून पाकीट काढलं, पाकिटातून सीडी काढली आणि स्वतःच ड्राइव्हमध्ये ठेवून आत ढकलली. मला हात लावू दिला नाही. मला ते आवडलं. वस्तू जपणारी माणसं कमी भेटतात.

सेटअप सुरू झाला. बासष्ट टक्क्यांवर थांबला. मी बंद करून पुन्हा सुरू केला. बासष्ट. ड्राइव्ह जुना असेल म्हणून खोक्यातला दुसरा जोडला. सीडी काकांनीच बदलून ठेवली. बासष्ट. ड्राइव्ह आतून घरघर करून थांबायचा, पुन्हा घरघर करायचा.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

मी हातानं थांबा म्हणून खूण केली.

दर वेळी वेगळ्या जागी अडलं तर दोष कॉम्प्युटरचा समजावा. एकाच जागी अडलं तर सीडीचा. मी ड्राइव्हचं बटण दाबलं, काकांच्या आधी हात घातला आणि सीडी उलटी केली.

चमकत्या बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. कुंकू एका वर्षाचं नव्हतं. वाळलेल्या थरावर थर होते, कडेला हळद होती, आणि एका रेघेच्या टोकाला तांदळाचा एक दाणा चिकटून बसला होता.

"काका, हे काय?"

"दसऱ्याची पूजा," काका म्हणाले. "लोहार हातोड्याची करते, डॉक्टर स्टेथोस्कोपची करते. माझं हत्यार हेच आहे. दरसाली करतो. आजपर्यंत हिनं कधी दगा नाही दिला."

"आजपर्यंत ही कधी लागली होती?"

काकांनी आठवून पाहिलं. "पहिल्यांदा टाकलं तेव्हा."

"पूजा करायची तर नाव छापलेल्या बाजूला करायची ना. चालली असती."

"ती पाठ आहे तिची," काका म्हणाले. "हे तोंड. कुंकू तोंडाले लावतात मॅडम. पाठीले कोणी लावते काय?"

कॉम्प्युटरच्या बाजूनं विचार केला तरी त्यांचं म्हणणं खरं होतं. वाचायची बाजू म्हणजे तोंडच.

मी रुमाल ओला करून मधून कडेकडे पुसायला सुरुवात केली. सीडी गोल गोल पुसायची नसते, आडवे ओरखडे तिला चालतात, गोल चालत नाहीत. वरचं कुंकू निघालं. खालचं निघेना. काकांनी आतून साबण आणला. साबण लागल्यावर कडेची हळदसुद्धा लाल झाली, म्हणजे डाग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मी जोर लावणार, एवढ्यात खुर्चीवरून आवाज आला.

"काय करून राहिली वं? कुंकू पाण्यानं निघते काय कुठं?"

सासूबाई उठून आल्या. त्यांना आमचं बोलणं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. अडचण काय आहे, सीडी म्हणजे काय, कुंकू तिथे कसं आलं, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी देवाच्या फळीवरची दिव्याच्या तेलाची बाटली उचलली, खोबरेल तेलाचे चार थेंब सीडीवर सोडले, फळीवरच्याच वातीच्या कापसाचा बोळा घेतला आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

"भिजू द्या लागते," त्यांनी काकांना सांगितलं.

मला हे माहीत असायला हवं होतं. कपाळ मीही पुसते. पण हातात सीडी असली की मला कपाळ आठवत नाही.

दहा मिनिटांनी त्यांनी बोळा फिरवला आणि कुंकू तेलाबरोबर उचलून आलं. तांदळाचा दाणा नखानं काढू नका म्हणून मी खुणा करत होते. त्यांनी तेलाचा आणखी एक थेंब टाकला आणि तो आपोआप सुटला. मग मी साबणानं तेल काढलं, सुती ओढणीच्या टोकानं कोरडं केलं आणि सीडी आत घातली. काकांनी देवाकडे पाहिलं.

बासष्ट टक्के. त्रेसष्ट. सत्तर. एक्याऐंशीवर थांबला.

दाणा होता तिथे ओरखडा राहिला होता. आता सेटअपचा नाद सोडून मी सीडीवरच्या फायली एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवायला लागले. सीडीवरून थेट बसवताना एक फाईल अडली की सगळं अडतं. उतरवून घेतलं की निदान कोण अडतं ते कळतं. दीड वाजता कळलं. एकच फाईल वाचली जात नव्हती. ती कानांशी संबंधित नव्हती. ती एक छोटी फिल्म होती, सॉफ्टवेअर घेतल्याबद्दल तुमचं अभिनंदन, अशा नावाची. कंपनीचा कोणी साहेब त्यात बोलत असावा. सेटअपला मात्र त्याच्याशिवाय पुढे जायचं नव्हतं.

मी त्याच नावाची एक रिकामी फाईल तयार करून तिथे ठेवली. सेटअपनं नाव पाहिलं, आत काय आहे ते पाहिलं नाही, आणि पुढे गेला. आमच्या कार्यालयात हजेरीपट असाच चालतो, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

शंभर टक्के झाले तेव्हा काकांनी हात जोडले. मी दुकानाच्या लॅपटॉपवर त्या फोल्डरची एक प्रत ठेवली आणि खोक्यातल्या दोन कोऱ्या सीड्यांवर दोन काढल्या. एकीवर मार्करनं 'कामाची' लिहिलं, दुसरीवर 'पूजेची'. काकांनी दोन्ही वाचल्या. 'पूजेची' त्यांनी परत केली.

"पूजा ओरिजिनलचीच होते," ते म्हणाले.

"मग कामाला ओरिजिनल वापरू नका."

"आजपर्यंत वापरली कुठं?" काका म्हणाले.

पुढचं काम त्यांचं होतं आणि ते त्यांनी उत्तम केलं. सासूबाईंच्या कानाच्या तपासणीचं जुनं कार्ड त्यांच्याकडे कागदावर होतं. कागदाला फॉरमॅट मारता येत नाही. त्यांनी मशीनला वायर जोडली, मशीन सासूबाईंच्या कानात बसवली, आणि कार्ड बघत एकेक आकडा भरला. मॉडेलचं नाव पडद्यावर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवलं. मग त्यांनी शेवटचं बटण दाबलं.

सासूबाईंनी मान वळवली. "कुलर काहून बंद केला?" त्या म्हणाल्या. "गरम होते ना."

कुलर चालू होता. त्यांच्या मागे चार फुटांवर, पाण्याचे थेंब अंगावर येतील इतका जोरात.

"चालूच आहे आई," मी नेहमीच्या आवाजात म्हटलं.

"मग ओरडू नोको," त्या म्हणाल्या.

आम्ही ऑटोनं पावणेचारला घरी पोचलो. मावशींचा फोन माझ्या मोबाईलवर येणार होता, पण सासूबाई थांबल्या नाहीत. पाणी न पिता त्यांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. फोन कानाला नेहमीसारखा थोडा वर धरला, मशीनपाशी. मी चपला काढत होते.

"बाई," त्या म्हणाल्या, आणि पलीकडून जे काही सुरू झालं ते त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मध्ये एकदा "नाही मेली ना" म्हणाल्या. एकदा "मशीन होती वं ती, मशीन" म्हणाल्या. मग फक्त हो हो म्हणत राहिल्या. रडणं वगैरे काही झालं नाही, निदान अलीकडच्या बाजूला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "इथंच आहे. थांब, जाते ती आता."

मी गेले.

"दार ओढून घेजो वं," त्यांनी मागून सांगितलं. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात चहा ठेवला. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पंचावन्न मिनिटं झाली. मी दुधीची भाजी फोडणीला टाकली, नेहमीएवढंच मीठ घातलं, म्हणजे कमी.

मावशींना त्या दिवशी काय सांगायचं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. यावरून सॉफ्टवेअर नीट बसलं आहे असं मी धरून चालते.